सड्यावर एकच पान आणि मधून उभी काडी, हे गवत, ऑर्किड की नेचा?

सड्याकडची, ५ जुलै

नमस्कार मंडळी, मी मूळची देवगड तालुक्यातली, नोकरीमुळे ठाण्याला असते, पण यंदा जूनच्या शेवटी गावी आले ती अजून इथेच आहे, कारण घरून काम करायची परवानगी मिळालीय आणि पाऊस असा लागलाय की पाय निघत नाही.

तर प्रश्न असा. आमच्या घरामागून एक पायवाट सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर जाते. वर पोचलं की सगळा उघडा कातळ, काळा ठिक्कर, आणि मधे मधे बशीसारखे खळगे, त्यात फार तर दोन बोटं माती. त्यातल्या एका खळग्यात परवा मला एक रोप दिसलं, रोप तरी कसं म्हणू, माझ्या करंगळीहून थोडंसं मोठं. एकच पान. दोन नाही, तीन नाही, एकच. लांबट, चमच्यासारखं, जाडसर, गुळगुळीत, हात लावला तर थंड लागतं. आणि त्या पानाच्या बुडातून एक हिरवी काडी सरळ वर गेलेली, पानापेक्षा उंच, आणि तिच्या टोकाचा भाग एकदम वेगळा, चपटा, दोन्ही कडांना बारीक मण्यांच्या ओळी, जशी एखादी छोटीशी वेणी घातलीय किंवा उंदराची शेपटी आहे, आणि शेंड्याला बारीक टोक. फूल नाही, कळी नाही, वास नाही. मी गुडघ्यावर बसून मोजली तर त्या एका खळग्यात छत्तीस निघाली, आणि शेजारच्या तसल्याच खळग्यात एकही नाही!

मोबाईलवरच्या ॲपला विचारलं तर एकदा म्हणालं ऑर्किड, दुसऱ्यांदा इसबगोलाच्या कुळातलं काहीतरी. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "काय बघतंस गो वाकान? गवात आसा ता, गुरां पण तोंड लावणत नाय." पण गवत असं नसतं हे मला पण कळतं हो.

घाई एवढ्यासाठी आहे की काका गणपतीनंतर त्या बाजूने चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत घालणार आहेत आणि चिऱ्यांच्या गाड्या नेमक्या त्या खळग्यावर उतरणार, कारण तेवढाच भाग सपाट आहे. तर ही रोपं काढून घरी कुंडीत लावता येतील का? आणि मुळात हे आहे तरी काय?

---

पावसाळी_भटक्या, ५ जुलै

ताई तुम्ही जे लिहिलंय त्यावरून फोटो न बघता सांगतो, हा नेचा आहे, म्हणजे फर्न. ओफिओग्लॉसम. मी पहिल्यांदा रत्नागिरीच्या सड्यावर बघितला तेव्हा मला पण ऑर्किडच वाटलं होतं, जमिनीवर वाढणारी ऑर्किडं पण अशीच एका पानाची असतात ना काही काही. ओफिस म्हणजे ग्रीकमध्ये साप आणि ग्लोसा म्हणजे जीभ, ती काडी सापाच्या बाहेर आलेल्या जिभेसारखी दिसते म्हणून. लिनियसने १७५३ सालीच हे नाव दिलेलं. जात कुठली ते मी सांगू शकणार नाही, इथे "नेचे_आणि_मॉस" मॅडम आहेत, त्या येतीलच. तोवर प्लीज काही उपटू नका, एवढी विनंती.

---

नेचे_आणि_मॉस, ६ जुलै

वर बरोबर ओळखलंय, ओफिओग्लॉसमच. मी पंचवीस वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं, आणि दर पावसाळ्यात मुलांना घेऊन सड्यावर गेले की हा नेचा त्यांना दाखवायचा आणि "हे काय" विचारायचं, हा माझा ठरलेला प्रश्न असायचा. कोणालाच नेचा वाटायचा नाही. कारण नेचा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर विहिरीच्या कठड्यावरचा हंसराज येतो, किंवा घाटातले ते मोठे पिसांसारखे झुबके.

आता वेणीचं सांगते. ती काडी म्हणजे पानाचाच एक भाग आहे. या नेच्याचं पान दोन कामांना दोन भागांत वाटलेलं असतं, एक भाग आडवा पसरून उन्हावर अन्न तयार करतो आणि दुसरा उभा राहून बीजाणू तयार करतो. दोन्ही एकाच देठातून निघतात, म्हणून तुला ती काडी पानाच्या बुडातून आल्यासारखी वाटली. ते मणी म्हणजे बीजाणुधान्या, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या, काडीच्या दोन्ही कडांना अर्ध्या रुतलेल्या. भिंग असेल तर बघ, प्रत्येक मण्याला मधोमध एक आडवी रेघ दिसेल. पिकल्यावर त्या रेघेवर मणी फाटतो आणि दोन ओठ उघडावेत तसा उघडून पिवळसर पांढरी पूड बाहेर पडते. हंसराजासारख्या साध्या नेच्याच्या एका पिशवीत साधारण ६४ बीजाणू असतात. याच्या एका मण्यात हजारोंनी असतात. फार जुन्या काळी बाकीच्या नेच्यांपासून वेगळी पडलेली ही शाखा आहे आणि पिशवीची जाड भिंत, आतली ही गर्दी, हे सगळं त्या जुनेपणातलंच.

जातीचं म्हणशील तर आपल्या सड्यांवर दोन-चार जाती मिळतात. पान रुंद, बुडाशी हृदयासारखं असेल तर रेटिक्युलॅटम, पण तो जास्त करून सावलीला, ओलसर मातीत, झाडीच्या कडेला. पान अगदी गवतासारखं चिंचोळं असेल तर ग्रॅमिनियम. आणि पानं जमिनीलगत, नखाएवढी, एकापेक्षा जास्त असतील तर न्यूडिकॉल. तुझं वर्णन मला कॉस्टॅटमकडे नेतंय, पण दोन गोष्टी बघून सांग. एक म्हणजे पान उजेडासमोर धरल्यासारखं बघ (न तोडता, पालथं झोपून बघ), मधोमध फिकट पट्टा दिसतो का. दुसरी म्हणजे खाली कंद गोल आहे का लांबट, पण त्यासाठी मुद्दाम उकरू नकोस, एखादं गुरांच्या पायाने उखडलेलं मिळालं तर बघ.

आणि हो, कुंडीचा विचार आत्ता बाजूला ठेव, त्यावर सविस्तर लिहिते नंतर, घरात पाहुणे आहेत.

---

सड्याकडची, ८ जुलै

मॅडम, खूप खूप आभार! काल सकाळी उघडीप मिळाली तशी गेले. पट्टा आहे! आरपार उजेडात पानाच्या मधून देठापासून वर जवळजवळ अर्ध्यापर्यंत एक फिकट रुंद पट्टा दिसतो, शीर म्हणावी अशी बारीक रेघ नाही, पट्टाच.

आणि कंदाचं पण नशिबाने झालं. शेजाऱ्यांच्या बकऱ्या तिथूनच जातात, खुराने एक रोप उखडून आडवं पडलं होतं, ते तेवढं उचलून बघितलं. खाली गोल कंद, वाटाण्याएवढा, तपकिरी, आणि त्यातून चारी बाजूंनी जाड जाड मुळं आलेली, शेवयांसारखी, पण त्या मुळांवर नेहमी असतो तसा केसांसारखा बारीक तंतूंचा झुबका अजिबात नव्हता, एकदम गुळगुळीत. मी परत मातीत दाबून ठेवलंय, जगेल का माहीत नाही.

आता माझा प्रश्न. आमच्या विहिरीच्या आतल्या बाजूने हंसराज भरपूर आहे, मी लहानपणापासून बघतेय, त्याची नवीन पानं गुंडाळलेली येतात, गोगलगायीसारखी, मग उलगडतात. काळा चकचकीत देठ, अर्धचंद्रासारखी पानं, पाणी टाकलं की मोत्यासारखं घरंगळून जातं. याचं तर मला एकही पान गुंडाळलेलं दिसलं नाही, जी नवीन येतायत ती सरळच वर येतायत, टोक मिटलेल्या छत्रीसारखी. मग हा नेचा कसा काय?

---

नेचे_आणि_मॉस, ९ जुलै

पट्टा आणि गोल कंद, म्हणजे ओफिओग्लॉसम कॉस्टॅटम, मला तरी शंका राहिली नाही. फार छान बघितलंस तू. ते मुळांवर तंतू नाहीत हे बघणारे फार कमी लोक असतात.

गुंडाळलेलं पान ही नेच्यांची खूण आहे हे खरं, पण हे कुळ त्याला अपवाद. हंसराजाचं पान गुंडाळी उलगडत येतं, याचं सरळ उभं येतं. तरी नेचाच, कारण फूल नाही, बी नाही, बीजाणूंवर सगळा कारभार.

आता मुळावर तंतू का नाहीत तिथूनच कुंडीचं उत्तर निघतं, म्हणून जरा लांबण लावते. साधारण झाडाची मुळं त्या बारीक तंतूंनी मातीतलं पाणी आणि क्षार ओढून घेतात. याची मुळं तंतू ठेवतच नाहीत, कारण मुळांच्या आत बुरशी राहते, मातीतली बुरशी, आणि तिचे धागे मातीत दूरवर पसरलेले असतात, ते यांचं काम करतात. ही झाली मोठ्या रोपाची गोष्ट. याचं बालपण तर पूर्णपणे बुरशीच्या आधारावर जातं. म्हणजे असं बघ, हंसराजाचा बीजाणू ओल्या चिऱ्यावर पडला की रुजतो आणि त्यातून एक हिरवी, हृदयाच्या आकाराची, नखाहून लहान पापुद्र्यासारखी गोष्ट तयार होते, तिच्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात, पाण्याच्या थेंबातून त्या एकमेकींना भेटतात आणि मग खरा हंसराज उगवतो. तो पापुद्रा हिरवा असल्याने स्वतःचं अन्न स्वतः करतो. पण या नेच्याचा बीजाणू उजेडात रुजत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर तो मातीत झिरपून खाली गेला पाहिजे, अंधारात, आणि तिथे त्याला बुरशी भेटली पाहिजे. ती भेटली तर त्यातून पांढरट, बारीक गाठीसारखी किंवा काडीसारखी गोष्ट तयार होते, हिरवेपणा शून्य, अन्न सगळं बुरशीकडून. अशी ती जमिनीखाली वर्षानुवर्षं राहू शकते, आणि मग कधीतरी तिच्यावर तुझ्या या रोपाचा जन्म होतो. तू छत्तीस मोजलीस ना, त्या दोन बोटं मातीत पान न आलेली किती असतील सांगता येत नाही.

शिवाय या नेच्याच्या मुळांवरच डोळे फुटून नवीन रोपं येतात. म्हणून एका खळग्यात छत्तीस आणि शेजारच्यात एकही नाही. त्यातली बरीचशी एकाच आईची, मुळांनी जोडलेली असतील. आता तू कुंडीत लावायला उपटलंस तर मूळ तुटणार, बुरशीचं जाळं तुटणार, आणि कंदात साठवलेलं आहे त्यावर फार तर एखाद वर्ष पान येईल, पुढे नाही. मी स्वतः नवीन नोकरीला लागले तेव्हा प्रयोगशाळेसाठी म्हणून सहा रोपं मातीसकट आणली होती. दुसऱ्या पावसाळ्यात दोन आली, तिसऱ्यात काहीच नाही. ती सहा मला अजून आठवतात.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६. याच्या सख्ख्या भावाच्या, रेटिक्युलॅटमच्या, पेशीत १९५४ साली केरळातल्या अब्राहम आणि निनान यांनी मोजली ती बाराशेच्या वर भरली, आणि पुढे १४४० पर्यंत मोजली गेली. आजवर कुठल्याही वनस्पतीत मोजलेला हा सर्वात मोठा आकडा म्हणून पुस्तकात येतो. एवढंसं एकपानी रोप, आणि आत हा पसारा. मुलांना मी हे सड्यावरच सांगायचे, पावसात उभं राहून, वर्गात सांगण्यात ती मजा नाही.

---

हापूसवाला, ९ जुलै

सगळं वाचलं, माहिती चांगली आहे, पण एक बोलू का, राग मानू नका. माझी बाग सड्यावरच आहे. आजोबांनी पहारीने आणि सुरुंगाने कातळात खड्डे मारले, खालून डोक्यावरून माती आणून भरली, आणि कलमं लावली, त्यावर आमचं घर उभं राहिलं. आता प्रत्येक वेळी कोणीतरी येतं आणि म्हणतं सडा वाचवा, सड्यावर दुर्मिळ फुलं आहेत. मग आम्ही करायचं काय? सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेली जमीन, तिचं काहीतरी उत्पन्न नको का यायला? ताईंच्या काकांनी पण गडगा घालायचा नाही तर गुरं बागेत शिरू द्यायची का?

तुमचा तो नेचा मी शंभर टक्के बघितलेला असणार आणि त्याच्यावर पाय पण दिलेला असणार, मला कधी कळलंच नाही, हे खरं आहे आणि याचं आता वाईट पण वाटतंय.

---

पावसाळी_भटक्या, १० जुलै

दादा राग कशाला, तुमचं म्हणणं बरोबरच आहे, आणि कलमं लावायला आजोबांनी जे कष्ट केले त्याला तोड नाही. माझं म्हणणं एवढंच की पोटखराबा हा शब्द महसुलाच्या कामाचा आहे, लागवडीला योग्य नाही एवढाच त्याचा अर्थ, पण ऐकून ऐकून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय की तिथे काहीच नाही. तर काय आहे ते सांगतो.

आपल्या सड्याचा हा दगड, जांभा, मुळात काळ्या कातळापासूनच झालेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड, त्यातून लाखो वर्षं पाऊस झिरपत राहिला, बाकीचं वाहून गेलं आणि लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, ते उन्हात घट्ट झालं. बुकानन नावाच्या माणसाने केरळात बघून १८०७ साली त्याला लॅटराईट म्हटलं, लॅटिनमध्ये लॅटर म्हणजे वीट, आपण चिरा म्हणतो तेच. तर हा दगड वरून कडक पण आतून स्पंजासारखा. सड्यावर पडलेलं पाणी त्यातून झिरपून खाली वाडीतल्या विहिरींना, व्हाळांना येतं, हे तुमच्या गावातला कुठलाही म्हातारा सांगेल.

आणि वर राहणाऱ्यांची अवस्था बघा, एप्रिल-मेमध्ये तिथे अनवाणी उभं राहता येत नाही, आणि जुलैत तोच कातळ आठवडे न् आठवडे पाण्याखाली. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तो सगळा चार महिन्यांत, उरलेले आठ महिने कोरडा ठणठणीत. मातीचा थर बोटभर, त्यात अन्न जवळजवळ नाहीच. म्हणून तर तिथे कीटक खाणाऱ्या वनस्पती आहेत, दवबिंदू आणि सीतेची आसवं, त्यांना मातीतून नत्र मिळत नाही म्हणून त्या किडे धरतात. गेंद आहे, कवला आहे, तेरडा आहे. पावसाच्या सुरुवातीला दिपकाडी फुलते, पांढरी, लांब नळीची, कोकणाच्या बाहेर जवळजवळ मिळतच नाही, शास्त्रीय नावातच कोंकनेन्स आहे तिच्या. आणि ताईंचा नेचा. प्रत्येकाने वेळ वाटून घेतलेली. नेचा पहिल्या पावसाबरोबर येतो कारण तेव्हा गवत अजून वाढलेलं नसतं, ऊन मिळतं, गवत गुडघ्याला लागेपर्यंत त्याचं काम आटपलेलं असतं. पान जातं, कंद खाली राहतो, पुढच्या जूनपर्यंत.

कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं तेव्हा सगळे तिकडे धावले, पण आपले समुद्रालगतचे सडे तेवढेच भरलेले आहेत, फक्त लोकांना माहीत नाहीत. गेल्या काही वर्षांत कातळशिल्पांमुळे जरा लक्ष गेलं, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, आणि तुमच्या सिंधुदुर्गात कुडोपी, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव लागलं. ज्या दगडावर हजारो वर्षांपूर्वी माणसाने हत्ती कोरला त्याच दगडाच्या खळग्यात हा नेचा आहे, मला तर दोन्ही एकाच वेळी बघायला मिळतं याचंच फार वाटतं.

दादांच्या प्रश्नावर माझं मत, बाग करायला सगळा सडा सपाट करावा लागत नाही. तुमच्या आजोबांनी खड्डे मारले, खड्ड्यांमधला कातळ तसाच राहिला असेल बघा, तिथे अजून फुलं येत असतील. खरी वाट लागते ती जेसीबीने सरसकट सपाटीकरण करून वर बाहेरची लाल माती पसरतात तेव्हा, आणि चिरेखाणीत, कारण खाण म्हणजे वरचा थरच उचलून नेला, बुरशी, कंद, बीजाणू सगळं गेलं, ते परत यायला जांभाच परत तयार व्हायला पाहिजे.

---

हापूसवाला, १० जुलै

हो, कलमांच्या मधला कातळ तसाच आहे आमचा. आज दुपारी जाऊन बघतो. नेचा कसा शोधायचा, काही युक्ती?

---

नेचे_आणि_मॉस, १० जुलै

उभं राहून दिसणार नाही. खळग्याच्या कडेला बसा, डोळे जमिनीच्या पातळीला आणा, मग ती काडी आभाळाच्या उजेडावर दिसते. पाणी तुंबून राहतं त्या खळग्याच्या अगदी तळाशी नाही, त्याच्या काठावर, जिथे शेवाळाचा हिरवा मखमली थर आहे आणि माती ओली आहे पण बुडलेली नाही, तिथे बघा. काडी नसलेली नुसती पानं पण असतात, सगळ्यांनाच काडी येत नाही. आणि गावात गुरं चरत असतील तर चरू द्या, माझं आजवरचं निरीक्षण असं आहे की चराई बंद केली की गवत माजतं आणि ही छोटी मंडळी आधी दिसेनाशी होतात.

आकाराचं म्हणाल तर याहून लहान पण आहे हां, गुजरातच्या डांगमध्ये आहवाजवळ याच कुळातली एक जात मिळाली आहे, मालवी नावाची, सगळी मिळून एक सेंटीमीटर. आपल्या सड्यांवर असं काही नसेलच असं कोणी म्हणावं, इतक्या बारकाईने बघितलंय कोणी?

---

हापूसवाला, ११ जुलै

मिळाला. अकरा आहेत. तीन नंबरच्या ओळीत, दोन कलमांच्या मधे. मुलीला घेऊन गेलो होतो, तिलाच आधी दिसला. यंदा त्या पट्ट्यात तणनाशक मारणार नाही, तेवढं तर माझ्या हातात आहे. मॅडम, तणनाशकाने मरतो ना हा?

---

नेचे_आणि_मॉस, ११ जुलै

पानातून आत जाऊन मुळापर्यंत पोचणारं जे औषध बागेत मारतात त्याने पान जाणार हे नक्की, आणि वर्षाला पान एकच, म्हणजे त्या वर्षीची सगळी कमाई गेली. नाही मारत म्हणालात, फार बरं वाटलं. गवत कापायचंच असेल तर गणपतीनंतर कोयत्याने कापा, तोवर हा खाली गेलेला असेल.

ताई, तुझ्या खळग्याचं सांगते. तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणार, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ती असते, आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात असते हे मला माहीत आहे, पण तू फोटो, तारीख आणि सड्यावरची ती जागा लिहून दे आणि नोंद करून घे. आणि काकांशी बोल. गडगा घाला म्हणावं, चिरे फक्त दुसरीकडे उतरवा.

---

सड्याकडची, ३० ऑगस्ट

मंडळी, उशीर झाला लिहायला, मधे ठाण्याला जाऊन आले.

परवा परत सड्यावर गेले. बरीचशी पानं पिवळी पडून आडवी झाली होती, काही ठिकाणी नुसती काडी उभी, तपकिरी. मॅडमनी सांगितलं होतं तसं भिंग घेऊन गेले होते, मण्यांवरची आडवी रेघ खरंच उघडलेली, अगदी दोन ओठांसारखी, आणि एका काडीला बोट लागलं तर बोटावर पिठासारखी पूड आली. मी ती तिथेच त्या मातीवर झटकली आणि वरून ओंजळभर पाणी घातलं. बकरीने उखडलेलं जे रोप मी परत दाबलं होतं ते सापडलं नाही, ओळखता आलं नाही म्हणा. गवत एवढं वाढलंय की खळगाच सापडायला दहा मिनिटं गेली, बरं झालं मी जुलैत कडेला तीन पांढरे दगड ठेवले होते.

ग्रामपंचायतीत गेले होते. नोंदवही मिळाली, तिच्यात आंबा, काजू, फणस, कोकम, माड एवढंच आहे, सड्याचं पानच नाही. तिथल्या मॅडम म्हणाल्या तूच लिहून दे. मी चार पानं लिहून दिली, नेचा, दिपकाडी, दवबिंदू, सीतेची आसवं, जे जे मला फोटोवरून नक्की ओळखता आलं तेवढंच, आणि खाली जागा टाकायला एक कच्चा नकाशा काढून दिला.

काकांचं असं झालं की मी त्यांना गुणसूत्रांचं सांगून बघितलं, त्यांना काही फरक पडला नाही. मग मी त्यांना खळग्यापाशी नेलं आणि वाकून बघायला लावलं, गुडघे दुखतात तरी बसले, बराच वेळ बघत होते, आणि म्हणाले लहानपणी गुरं राखायला यायचे तेव्हा ते आणि त्यांचा भाऊ या काड्यांची शेपटी काढून एकमेकांच्या कानात घालायचे, म्हणजे त्यांनी हा बघितलेला होता, साठ वर्षांपूर्वी, याच सड्यावर. चिऱ्यांची पहिली गाडी कालच आली, गणपतीच्या आधीच. मी खाली होते, वरून काकांचा आवाज ऐकू आला, "चिरे हयसर नको रे, थयसर उतरवा, त्या आंब्याकडे."

मॅडम, पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत गेले तर दिसतील ना? रजा आत्ताच टाकून ठेवते.

---

नेचे_आणि_मॉस, ३० ऑगस्ट

आठ-दहा दिवस थोडे लवकर होतील, पाऊस लागून राहिला तर दोन-तीन आठवड्यांनी ये, तोवर पानं वर आलेली असतील आणि काड्या नुकत्याच निघत असतील. पांढरे दगड तिथेच राहू देत. आणि काकांना विचारून ठेव, त्या वेळी ते आणि भाऊ याला काय म्हणायचे, काही नाव होतं का. ते मला लिहून पाठव.